चौतीस मोळ्या आणि सहावा महिना

२८ नोव्हेंबर २०२३ ला कृष्णाकाठच्या आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत उतरलेल्या ऊसतोड टोळीची पहिली तपासणी होती. मी इथे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावाबाहेरच्या माळावर बारा कोप्या पडल्या होत्या. बांबू, पाचट आणि वर निळा कागद. माणसं बीड जिल्ह्यातली, दिवाळीच्या आधीच आलेली. दिवाळी त्यांनी फडातच केली.

एक पोरगी चुलीपुढून उठली ती गुडघ्यावर हात टेकून. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, पाचटानं अंग कापू नये म्हणून सगळ्याच जणी घालतात तसा. त्या शर्टाखाली पोट दिसत नव्हतं. उठण्यावरून ओळखलं ते आमच्या आशाताईंनी. "कितवा गं?" त्यांनी विचारलं. तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. "पाचवा सरत आला."

वय २२. दुसरी खेप, पहिली मुलगी तीन वर्षांची. पाळीच्या तारखेवरून २० आठवडे पूर्ण. वजन ४४ किलो, रक्तदाब १०० वर ६०, हिमोग्लोबिन ८.२. गरोदर बाईचं ते ११ तरी हवं. ७ च्या खाली गेलं तर तीव्र रक्तक्षय धरतात. ही मधल्या पट्ट्यात, पण खालच्या कडेला. गावाकडचं माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत साड्यांच्या तळाशी होतं. त्यावर एक तपासणी, एक धनुर्वाताचं इंजेक्शन आणि तिथल्या आशाताईंचा फोन नंबर. हा नंबर पुढे फार कामाला आला.

मी नेहमीचं लिहिलं. लोहाच्या गोळ्या रोज दोन, कॅल्शियम, जड काम टाळणे, दुपारी विश्रांती, भरपूर पाणी, ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडून तपासणी. शिक्का मारला, सही केली. त्यातलं जवळजवळ काहीच तिला करता येण्यासारखं नव्हतं, आणि हे माझ्या ध्यानात यायला साडेतीन आठवडे गेले. हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण तेच आहे. नाव, गाव, कारखाना मुद्दाम देत नाही.

आधी कोयता म्हणजे काय ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता, उचलही निम्मी. या जोडप्यानं एक लाख उचल घेतली होती. त्यातून सासऱ्याच्या दवाखान्याचं देणं फेडलं, उरलेल्यात घरावर पत्रे टाकले. उचल घेतली तेव्हा ती दोन महिन्यांची गरोदर होती आणि ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी आलीच असती, असं तिनं मला नंतर स्वच्छ सांगितलं. न येऊन निम्मी उचल परत कुठून करायची?

उचल फिटते टनावर. त्या वेळी तोडणीचा दर टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होता. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांच्या बोलणीनंतर ३४ टक्के वाढ ठरली. जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. कामावर आलं नाही तर खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते ती जातेच, वर या टोळीत पाचशे रुपये कापले जायचे. म्हणजे माझ्या 'दुपारी विश्रांती'ला ठरलेली किंमत होती, आणि ती मी न विचारताच तिच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

१४ डिसेंबरला मी पहिल्यांदा फडात गेले. मला वाटायचं, तोडणं हेच जड काम. तसं नाही. तोडताना कमरेत वाकावं लागतं, बुडाशी घाव घालायचा, शेंड्याचं वाढं छाटायचं, पाचट साळायचं. पाठ धरते, हात सोलतात. पण पोटुशी बाईच्या जिवावर बेतणारं काम त्यानंतर येतं. तोडलेल्या उसाची वाढ्याच्या पिळ्यानं मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, ढेकळांतून ट्रॅक्टरपर्यंत न्यायची आणि फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायची. गाडी केव्हा येईल ते कारखान्यावरच्या रांगेवर ठरतं. कधी संध्याकाळी सातला, कधी रात्री एकला. थंडीत फळी दवानं ओली असते.

मोळीचं वजन किती, असं मी विचारलं. कुणी वीस म्हणालं, कुणी चाळीस. आशाताईंनी अंगणवाडीतून बाळांना टांगून तोलायचा गोल काटा आणला होता. लिंबाच्या फांदीला तो अडकवला आणि दोघा गड्यांनी मोळी धरून लावली. तो काटा २५ किलोपर्यंतचाच. काटा फिरत शेवटच्या आकड्यावर जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. मग उभं राहून वजन करायचा काटा मागवला. तिची जाऊ आधी नुसती उभी राहिली, मग मोळी घेऊन. फरक भरला २९ किलो.

बांधावर बसून मी हिशेब केला. दोघांचे मिळून दोन टन म्हणजे साधारण ६८ मोळ्या. निम्म्या हिच्या. रोज ३४ मोळ्या, म्हणजे सव्वाबाविसाव्या आठवड्यात, ८.२ हिमोग्लोबिनवर, ४४ किलोची बाई रोज जवळजवळ एक टन ऊस डोक्यावरून वाहत होती. अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी गरोदरपणात अधूनमधून वजन उचलायची मर्यादा सुचवली आहे: पहिल्या अर्ध्यात सुमारे १६ किलो, दुसऱ्या अर्ध्यात सुमारे १२. तेही अंगाजवळ धरून, पार जमिनीवरून नाही आणि डोक्याच्या वर नाही. मोळी नेमकी जमिनीवरून उचलतात आणि डोक्यावर घेतात.

बाईनं गरोदरपणात काम करूच नये असं माझं म्हणणं नाही. आमच्या आया-आज्या नवव्या महिन्यापर्यंत भांगलत होत्या. अंग हलतं राहणं चांगलंच. पण गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, तेवढी ओढ हृदयावर येते. सांध्यांचे बंध सैल पडतात, पोट पुढे आल्यानं तोल बदलतो. भांगलणं आणि २९ किलो घेऊन ओल्या फळीवर चढणं यांना एकच 'शेतकाम' म्हणता येत नाही. आमच्या नोंदवहीत मात्र दोन्ही एकाच शब्दात बसायचं: मजुरी.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "मोळ्या आता बंद कर बरं." ती हसली नाही, रागावलीही नाही. "मपल्या वाटची मोळी कोण उचलल, बाई?"

मला उत्तर देता आलं नाही. आठच दिवसांत ते द्यायची वेळ आली.

२२ डिसेंबरच्या रात्री पावणेदोनला आशाताईंचा फोन आला. गाडी भरून झाल्यावर तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. पोट दगडासारखं होत होतं आणि सुटत होतं. साडेतेविसावा आठवडा. या वेळी बाळ आलं असतं तर हाती लागलं नसतं. १०८ ची गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्तस्राव नव्हता, गर्भपिशवीचं तोंड बंद होतं. सलाईन लावलं, लघवी तपासली. लघवीत भरपूर पू-पेशी होत्या. पहाटेपर्यंत कळा थांबल्या. संसर्गावर प्रतिजैविकं सुरू झाली, तीन दिवस तिथे ठेवलं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "पाणी किती पितेस?" ती म्हणाली, "सकाळी एक तांब्या, मग रातीला." का, ते सांगितलं नाही. ते जावेनं मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. उभा ऊस असतो तोवर आडोसा असतो. तोडत तोडत दुपारनंतर रान मोकळं होतं, आणि चहूकडे गडी. मग बाया पाणीच पीत नाहीत. अंधार पडेपर्यंत रोखून धरतात. पोटातल्या बाळाचा भार मूत्राशयावर, पाणी नाही, लघवी तुंबलेली. संसर्ग झाला नसता तरच नवल. आणि अशा संसर्गानं अकाली कळा येऊ शकतात, हे आम्ही शिकलेलो आहोत. मी कार्डावर 'भरपूर पाणी' लिहिलं होतं. ते पाणी ती कुठे मोकळी करणार, हे विचारलं नव्हतं. मला त्या रात्रीचं हे सगळ्यात जास्त लागलं.

पुढचा मार्ग काढला तो माझ्या खात्यानं नाही. २६ तारखेला संध्याकाळी कोप्यांवर बैठक झाली. मुकादम, तिचा नवरा, थोरला दीर, जाऊ, आणखी चार-पाच बाया. मुकादमाला सगळे मामा म्हणायचे. वाईट माणूस नव्हता. त्यानंही वाहतूकदाराकडून पैसे उचलले होते आणि टन कमी भरले तर त्याचीही मान अडकायची. मी म्हटलं, "मामा, ही बाई आता गाडी भरणार नाही." तो म्हणाला, "मॅडम, मग अर्धा कोयता धरतो. दुसरं माझ्या हातात काय?"

तेव्हा जाऊ बोलली. आमच्यात सावड हाय ना, मग हिच्यासंगं का नको? तिची मोळी मी उचलते, माझं साळणं-बांधणं ती करील.

सावड शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैशाचा व्यवहार नाही, कष्टाची परतफेड कष्टानं. ती सावड इथे दोन कोयत्यांमध्ये झाली. ठरलं ते असं: ती वाकून तोडणार नाही, वाहणार नाही, फळी चढणार नाही. दोन्ही कोयत्यांचं साळणं, मोळ्या बांधणं आणि वाढ्याच्या पेंढ्या बांधणं तिच्याकडे. हे काम खाली पाचट अंथरून, बरंचसं बसून होतं. वाढं जनावरांना वैरण म्हणून गावात विकतात, त्या पेंढ्यांचे सुटे पैसे बायांच्या हातात येतात, तेही तिच्यामुळे वाढले. रात्रीची गाडी आली की ती कोपीवर थांबून दोन्ही घरांच्या पोरांकडे बघणार. टोळीचे टन कमी होणार नव्हते. मामा तयार झाले.

आडोशाचा प्रश्न नवऱ्यानं सोडवला. चार बांबू आणि दोन जुन्या साड्या, रोज फड बदलला की नव्या जागी रोवायच्या. दोन दिवसांत टोळीतल्या सगळ्याच बाया तिथे जाऊ लागल्या. खर्च शून्य. माझ्या सेवेतल्या चार हंगामांत हे मला कधी सुचलं नव्हतं.

आम्हीही आमच्या बाजूचं बदललं. सकाळची ओपीडी त्यांच्या कामाची नाही, म्हणून दर पंधरवड्याला संध्याकाळी कोपीवरच तपासणी. आणि रक्ताचं. गोळ्या ती घेत होती, पण सकाळच्या चहाबरोबर. चहानं लोह अंगी लागत नाही. रात्री भाकरीनंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या, कॅल्शियम त्याच वेळी नको हेही समजावलं. तरी १५ जानेवारीला हिमोग्लोबिन ८.६ च. शिरेतून लोह द्यायचं ठरलं. आयर्न सुक्रोज द्यायचं तर चार-पाच खेपा, म्हणजे चार-पाच खाडे. डॉक्टरांपुढे मी हेच मांडलं. त्यांनी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज निवडलं, एका बैठकीत १००० मिलिग्रॅम. १७ जानेवारीला दिलं, एकच दिवस मोडला. २७ फेब्रुवारीला हिमोग्लोबिन १०.४, वजन ४९. औषध निवडताना रोग्याचा खाडा मोजायचा असतो, असं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्या डॉक्टरांनी मोजला.

मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. टोळीत चाळिशीची एक बाई होती. एका संध्याकाळी रक्तदाब घेताना ती हिला म्हणाली, "हे एवढं झालं की पिशवी काढून टाक. कटकट जाती." तिची स्वतःची तिशीच्या आत काढलेली. पाळीच्या दिवसांत खाडे पडतात, अंगावरून जातं, कुणीतरी 'कॅन्सर होईल' अशी भीती घालतं, आणि उचलीतूनच ऑपरेशन होतं. २०१९ मध्ये हे राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. ती बाई मुद्दाम वाईट सल्ला देत नव्हती. तिच्या हिशेबात बाईचं शरीर म्हणजे खाड्याचं कारण, आणि कारणच काढून टाकलं की झालं. मी त्या दोघींशी तासभर बोलले. पिशवी लवकर काढल्यावर तिची कंबर, तिचा घाम, तिचे गुडघे यांचं काय झालं, ते तिनं स्वतःच सांगितलं. माझ्यापेक्षा तिच्या बोलण्याचा हिच्यावर जास्त परिणाम झाला.

कायद्याचं थोडक्यात. तेव्हा लागू असलेला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) सांगत होता, बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांपूर्वीच्या महिन्यात बाईनं मागणी केली तर तिला कष्टाचं काम देता येत नाही. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजाही आहे. पण रजा मागायची कुणाकडे? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी पण हातावर पोट असलेला. मालक कोण हेच ठरत नाही तिथे कायद्याचं कलम कार्डाला टाचून उपयोग नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच मिळतात, तेही जन्मानंतर. म्हणजे जेव्हा तिला एक महिना बसून खायची गरज होती, तेव्हा तिच्यासाठी कुठूनही रुपया येणार नव्हता. अंगणवाडीतला घरपोच आहार तेवढा आम्ही इथल्या यादीत नाव घालून सुरू केला. माझं स्पष्ट मत आहे की गरोदर बाईचा निम्मा कोयता शेवटचे तीन महिने कारखान्यानं भरून द्यावा. टनामागे काही पैशांचा प्रश्न आहे.

मार्चच्या मध्यात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी परत निघाली ती नेहमीसारखी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसार, शेळ्या, पोरं आणि बाया एकावर एक. हिला ३६ वा आठवडा लागत होता. इथेच बाळंत हो, ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, असं मी सुचवलं. तिला आईकडे जायचं होतं. मी जास्त ताणलं नाही. कोपी मोडल्यावर इथे तिच्यापाशी थांबणारं कोण होतं? १८ मार्चला ती आणि सासू एसटीनं गेल्या. महिलांना निम्मं तिकीट आहे, ते इथे खरंच उपयोगी पडलं. कार्ड या वेळी ट्रंकेत नव्हतं, पिशवीत वर होतं. कार्डावरच्या त्या आशाताईंना मी आधीच फोन करून तारीख, रक्ताचा आकडा, डिसेंबरातली रात्र, सगळं सांगून ठेवलं होतं. त्या स्टँडवर उभ्या होत्या.

११ एप्रिलला तिच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मुलगी झाली. २ किलो ६०० ग्रॅम. नैसर्गिक बाळंतपण.

हंगामाचा हिशेब मला नवऱ्यानं फोनवर सांगितला. वाढीव दर धरूनही उचलीतले सतरा हजार अंगावर राहिले. त्यामुळे २०२४ च्या हंगामात ते येणार हे एप्रिलमध्येच ठरलेलं होतं, पोरगी आठ दिवसांची असताना.

आले. त्याच माळावर, नोव्हेंबरात. मी आणि आशाताई संध्याकाळी गेलो. कोपीच्या दाराशी साडीची झोळी होती. आमच्या तपासणीच्या वहीत आता रक्तदाबाच्या शेजारी दोन जादा रकाने आहेत, 'मोळी कोण उचलतं' आणि 'आडोसा आहे का', ते मी टोळीतल्या सगळ्या बायांचे भरले. तिची थोरली झोळीला झोका देत होती. आशाताईंनी काटा लिंबाच्या फांदीला अडकवला, तोच, २५ किलोचा. पोरगी त्यात पाय झाडत बसली. सहा किलो आठशे.

मातृवंदनेचा अर्ज दुसऱ्या मुलीच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत करावा लागतो. गावाकडे कागदात आधारचा घोळ झाला होता आणि तो राहूनच गेला होता. अजून दीड महिना हातात होता. चुलीच्या उजेडात आम्ही तिचं ई-श्रम कार्ड आणि पासबुक काढलं आणि फॉर्म भरायला बसलो.